तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन

बाबांना चहा अर्धा कपच द्यायचा, हे घरात कुणी बोलून ठरवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भरलेला कप त्यांच्या हातून बशीत आणि बशीतून सदऱ्यावर सांडायला लागला, तेव्हापासून आई अर्धाच भरायची आणि वर म्हणायची, "पूर्ण भरला की गार होतो." बाबाही म्हणायचे, "बरं केलंस." गॅरेजमध्ये मात्र अशी झाकपाक चालत नव्हती. तिथे धाकटा होता.

गॅरेज तिघांचं. बाबा चाळीस वर्षं इंजिनं बांधत आले होते. धाकटा, म्हणजे त्यांचा मुलगा, गिऱ्हाइकं, सुटे भाग आणि सगळी दगदग बघायचा. आणि ताई, धाकट्याहून चार वर्षांनी मोठी. भौतिकशास्त्र शिकली, सहा वर्षं एका प्रयोगशाळेत उपकरणांची अचूकता तपासायचं काम केलं, आणि ती प्रयोगशाळा बंद पडल्यावर परत गॅरेजात आली. इंधन आणि मोजमाप हे दोन्ही तिच्याकडे. धाकटा तिला 'मोजणीबाई' म्हणायचा. तिला त्याचा राग यायचा नाही; ते खरंच होतं.

डॉक्टरांची गाडी आली तेव्हा तिघंही बाहेर आले, कारण ती गाडी बाबांची लाडकी होती. डॉक्टर दातांचे. आठवडाभर लोकांचे दात सांभाळायचे आणि रविवारी डोंगरचढाच्या शर्यतीत स्वतःचे धोक्यात घालायचे.

"बूस्ट वाढवायचा आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ता पॉइंट सात बार आहे. एक पॉइंट चार हवा."

"म्हणजे सरळ दुप्पट," ताई म्हणाली.

"मागच्या वर्षी एका शाळामास्तराने मला हरवलं, ताई. सेवानिवृत्त."

धाकटा हसला. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. टेकलेला हातही हलत होता. बाबांनी तो खिशात घातला.

बूस्ट दुप्पट करायचा म्हणजे नुसता एक स्क्रू पिळायचा नसतो. टर्बो हा धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो; त्या कोंबण्याचा दाब म्हणजे बूस्ट. हवा जेवढी जास्त, तेवढं पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. ते कमी पडलं तर, चुलीत लाकूड कमी घातल्यावर होतं तसं, जाळ मंदावेल असं कुणालाही वाटेल. इथे उलट होतं. पेट्रोल कमी पडलं की आतली आग जास्त कडक होते, ठोके देते, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम तिच्यापुढे टिकत नाही. म्हणून काम दोन तऱ्हेचं होतं. इंजिन उघडून जास्त दणकट पिस्टन घालून पुन्हा बांधायचं, आणि टाकीतल्या पंपापासून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत इंधनाची सगळी वाट मोठी करायची. दुसरं ताईचं. पहिल्यावरून त्या दिवशी घरी जेवताना बाचाबाची झाली.

"हे इंजिन मी बाहेरून बांधून आणतो," धाकटा म्हणाला.

"का? मी मेलो का?" बाबा म्हणाले.

"बाबा, स्पष्ट बोलू? मागच्या महिन्यात तुमच्या हातून व्हॉल्व्हची चकती तेलात पडली. ती शोधायला मी तेलाचं अख्खं चेंबर उतरवलं."

"सापडली ना?"

"सापडली. ती पडली तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. ताईने मोजली तेव्हा एक कमी भरली."

आईने बाबांच्या ताटात वाढलं, नको तेवढं.

"असं करू," बाबा शेवटी म्हणाले. "हे इंजिन मी बांधतो. टिकलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही टिकलं, तर पाना खाली ठेवला. मग मला बोलवायलाही येऊ नकोस."

"ताई साक्षीला आहे," धाकटा म्हणाला.

ताईला साक्षीला राहायचं नव्हतं. पण ती नाही म्हणाली नाही, आणि अशा घरात नाही न म्हणणं म्हणजे हो.

बाबांनी इंजिन बांधायला नऊ दिवस घेतले. एरवीचे चार. ताई समोरच्या बाकावर इंजेक्टर तपासत बसायची आणि मान वर न करता बघायची. उजव्या हाताचं मनगट ते डाव्या हाताने धरायचे, बाकाच्या कडेला टेकवायचे, आणि कंप थांबेपर्यंत वाट बघायचे. कधी दोन मिनिटं लागायची, कधी दहा. थांबला की तेवढ्यात काम उरकून घ्यायचे. पावसाची सर थांबते तेवढ्यात रस्ता ओलांडून घ्यावा तसं.

पिस्टनच्या रिंगांना टोकाशी बारीक फट ठेवावी लागते. तापल्यावर रिंग फुगते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ फोडतात. ती फट पोलादी पात्यांनी मोजतात, एकेक पातं घालून बघत.

"बाबा, तुमचं झालं की मी एकदा फटी मोजू?"

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "तू तुझं पेट्रोल बघ."

ती पुन्हा इंजेक्टरकडे वळली. त्यांच्यामागून मोजणं म्हणजे त्यांच्या तोंडावर धाकट्याचीच बाजू घेणं झालं असतं. आयुष्यात तिने एकच मोजमाप मनाविरुद्ध सोडलं, ते हे.

तिचं काम मात्र चोख झालं. निदान तिला तसं वाटलं. मोठे इंजेक्टर आणले, एकेकाचा फवारा अर्धा-अर्धा मिनिट काचेच्या नळीत पकडून बघितला; चारींमध्ये एका टक्क्याचाही फरक नव्हता. टाकीत नवा, जास्त ताकदीचा पंप बसवला. जुन्याच जागी बरोबर बसला, विजेचा जुनाच प्लग खट्टकन लागला. बूस्ट वाढला की इंधनाचा दाबही तेवढाच वाढवणारा रेग्युलेटर लावला. मग गाडी रोलरवर चढवली. हे रोलर म्हणजे जमिनीत बसवलेली दोन जाड पिंपं. गाडी त्यांच्यावर जागच्या जागी पळते आणि बाजूच्या पडद्यावर तिची ताकद दिसते.

रोलरवर गाडी आली की ताईचा एक शिरस्ता होता. आधी बॅटरीला गॅरेजचा मोठा चार्जर लावायचा, काळा चिमटा, लाल चिमटा, आणि मगच इंजिन सुरू करायचं. विजेचा दाब खालीवर झाला की इंजेक्टर उघडण्याचा वेळ बदलतो आणि मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत. प्रयोगात एक गोष्ट बदलायची असेल तर बाकीच्या जागच्या जागी बांधून ठेवायच्या, हे तिला प्रयोगशाळेने शिकवलं होतं. धाकटा म्हणायचा, "इतर गॅरेजात गाडीला धक्का मारतात, आमच्याकडे सलाईन लावतात."

त्या दिवशी गाडीने रोलरवर अठरा फेऱ्या मारल्या. एक पॉइंट चार बारला पेट्रोल आणि हवेचं प्रमाण हवं तिथे, रेघ ओढल्यासारखं. बाबा दारात उभे राहून डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते.

"काय वाटतं?" ताईने विचारलं.

"बोलतंय नीट," बाबा म्हणाले. त्या संध्याकाळी ते घरी शीळ घालत गेले. आईने धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने ताटाकडे.

ताईने प्रमाण मोजणारा सेन्सर गाडीतून काढून घेतला, कारण तो गॅरेजचा होता. डॉक्टरांना म्हणाली, "बिनधास्त चालवा."

अकराव्या दिवशी गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून आली. डॉक्टर पुढे चालकाशेजारी बसले होते, डोक्यावर अजून शर्यतीची टोपी.

"तिसऱ्या वळणानंतरचा सरळ चढ," ते म्हणाले. "पूर्ण जोर दिला होता. टकटक असं काहीतरी ऐकू आलं, आणि मागे पांढरा धूर. काही चुकलं का हो माझं?"

"नाही," बाबा म्हणाले. "तुमचं नाही."

दुपारपर्यंत धाकट्याने इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा काठ गेला होता. फुटला म्हणावं की वितळला, हे सांगता येऊ नये असा; मेणबत्तीच्या कडेसारखा ओघळलेला आणि खाली रिंग तुटलेली. धाकट्याने काठाचा सुटलेला तुकडा बोटात धरला. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते हातात आलं, तर त्याचा चेहरा पडला होता. जिंकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"रिंगची फट," तो हळूच म्हणाला. "भिडली असेल."

"तिसराच," बाबा म्हणाले. "तिसऱ्याला मला त्रास झाला होता. पातं आत गेलं की नाही, नीट कळत नव्हतं. गेलं असं धरलं."

"बाबा, अजून काही ठरलेलं नाही," ताई म्हणाली.

"ठरलंय. तू साक्षीला होतीस."

ते बाकाकडे गेले. पाने एकेक करून पुसले, मोठ्यापासून लहानापर्यंत लावले, आणि फडक्याची घडी घालून त्यावर ठेवली. कुणी अडवलं नाही. मग दोन वाजताची बस पकडून एकटेच घरी गेले.

धाकटा जुन्या टायरवर बसला. "मला हेच हवं होतं असं वाटतंय ना तुला?"

"नाही वाटत."

"त्यांच्या हातून उद्या कुणाचा जीव गेला असता, ताई. मी काय करायला हवं होतं?"

ती हातांना काहीतरी काम हवं म्हणून चारी स्पार्क प्लग काढून घेऊन आपल्या बाकावर आली. क्रमाने मांडले. एक, दोन, तीन, चार. तिसरा जळलेला असणार हे माहीतच होतं. पण पहिलाही चुन्यासारखा पांढरा होता. दुसराही. चौथ्याच्या टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते, मोहरीहून बारीक.

ती भिंग घेऊन बराच वेळ बसली. रिंगची फट एका सिलिंडरची चुकते. बाबांचा हात तिसऱ्याला हलला, तर पहिल्याने का भाजावं? चारीच्या चारी एकाच वेळी भाजले असतील, तर जे चौघांना मिळून येतं त्यातच खोट. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. आणि आड तर तिचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरांना फोन केला.

"हवा कशी होती त्या दिवशी?"

"धुकं. दिवे लावले होते. काचेवर वाफ धरत होती म्हणून आतला पंखाही पूर्ण."

"बरं."

तिने गाडीचा अल्टरनेटर, चालत्या इंजिनावर वीज बनवणारा, काढून तपासणीच्या बाकावर लावला. मोकळा फिरताना चौदा व्होल्ट देत होता. दिवे, पंखे, पंप, सगळ्याचा मिळून जेवढा भार होईल तेवढा टाकल्यावर बारा पॉइंट चारच्या वर जाईना. वीस वर्षांचा जीव. मग तिने पेट्रोलची वाफ साचू नये म्हणून गॅरेजची दारं सताड उघडली, पंपापासून रेग्युलेटरपर्यंतची वाट गाडीतच पुन्हा जोडली, रेग्युलेटरला हातपंपाने एक पॉइंट चार बारचा खोटा बूस्ट दिला, आणि बाहेर येणारं पेट्रोल मोजपात्रात धरलं. एक मिनिट. चार्जर लावून: दोन लिटर नऊशे. इंजिनाची गरज होती एक लिटर नऊशे. चांगला लिटरभर वरचढ.

मग चार्जर काढला आणि अल्टरनेटर जेवढं देत होता तेवढंच दिलं. पंपाचा आवाज खाली आला, दमलेल्या माणसासारखा. एक मिनिट. दीड लिटर.

तिने मागे जाऊन पंपाच्या प्लगपाशी मीटर धरला. दहा पॉइंट सहा व्होल्ट. पुढून निघालेल्यांपैकी जवळजवळ दोन व्होल्ट मागे पोचेपर्यंत वाटेतच संपत होते, कारण वायर तीच होती, कारखान्यातून आलेली, जुन्या छोट्या पंपासाठी ओढलेली, बोरूच्या टोकाएवढी बारीक. प्लग खट्टकन लागला म्हणून तिने ती बदलली नव्हती. आणि रोलरवर हे दिसलं नाही, कारण रोलरवर ती दर वेळी चार्जर लावत होती. मोजमाप बिघडू नये म्हणून जे करत होती, त्यानेच मोजमाप खोटं ठरवलं होतं. तिने मोजली ती गाडी रस्त्यावरची नव्हतीच. सलाईन लावलेली होती.

तिला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. मग ते वाटल्याची लाज वाटली.

धाकट्याला पटायला पंधरा मिनिटं लागली. त्याने स्वतः मोजपात्र धरलं, तीन वेळा. शेवटी म्हणाला, "मी जाऊन घेऊन येतो त्यांना."

बाबा आले ते सदरा बदलून आले, कुणाकडे पाहुणे म्हणून जावं तसे. ताईने सांगायला सुरुवात केली तेव्हा ते मान हलवत ऐकत राहिले, आणि मध्येच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, लहानपणी याने काच फोडली की तू 'मी फोडली' म्हणायचीस. माझ्यावर नको पांघरूण घालूस."

"बाबा, मी पांघरूण घालत नाहीये. बघा तरी."

"वाईट वाटून घेऊ नकोस. वय आहे."

"बाबा!" ती ओरडली. गॅरेजात ती कधी ओरडली नव्हती. "माझी चूक आहे. माझी. मला ती द्या तरी."

मग त्यांनी बघितलं. तिने चार्जर लावला, काढला. पेट्रोल भरलं, दाखवलं. मीटर त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट खालून धरलं, आकडा स्थिर दिसावा म्हणून. दहा पॉइंट सहा. बाबांनी बराच वेळ बघितलं. चार प्लग बघितले. चाळीस वर्षं इंजिनं बांधलेला माणूस. त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

"वायर," ते म्हणाले.

"वायर."

"आणि तू रोज चिमटे लावून मोजत होतीस."

"हो."

"मूर्ख," बाबा म्हणाले. अगदी शांतपणे. तिला ते हवं होतं. ते मिळाल्यावर तिला रडू आलं.

धाकट्याने तिन्ही न बिघडलेल्या पिस्टनांच्या रिंगा आधीच काढून ठेवल्या होत्या. त्याने एकेक सिलिंडरमध्ये बसवून पात्यांनी फटी मोजल्या आणि मोठ्याने आकडे वाचले. तिन्ही बरोबर होत्या, केसाचाही फरक नव्हता. तिसऱ्याची तुटली होती, ती मोजता येत नव्हती. "पण तीही बरोबरच असणार," तो म्हणाला. "बाबा, मी चुकलो. तो विषय संपला. पुन्हा काढणार नाही."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. ताईने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता: दोष आपला, पिस्टनही आपण घालणार, जाड वायर आणि नवा अल्टरनेटरही. डॉक्टर ऐकून घेऊन म्हणाले, "माझ्याकडेही कधी चुकीचा दात बधिर होतो हो, ताई. मात्र एक करा. इंजिन बाबांनाच बांधू द्या. त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे."

तिने फोन ठेवला आणि ते तसंच्या तसं बाबांना सांगितलं.

बाबा मोरीपाशी हात धूत होते, हात मळलेले नसताना. "त्यांना आहे," ते म्हणाले. "मला नव्हता."

"म्हणजे?"

"तो पिस्टन बघितला, तेव्हा मला क्षणभरसुद्धा वाटलं नाही की दुसऱ्या कशाने झालं असेल. प्लग काढून बघावेत, एवढंही सुचलं नाही. वीस वर्षांपूर्वी कुणी माझ्या इंजिनाला नावं ठेवली असती, तर मी सगळ्यांचं सगळं उघडून दाखवलं असतं. काल मी पाने पुसले." त्यांनी नळ बंद केला. दोनदा पिळावा लागला. "हात बरोबर होते, ठीक. पण ते बरोबर आहेत हे मला तुझ्या मीटरने सांगावं लागलं. असा माणूस इंजिन बांधत नाही."

"बाबा, माझ्यामुळे तुम्ही—"

"तुझ्यामुळे नाही." त्यांनी हात पुसले. इथे खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "थोडं तुझ्यामुळे."

धाकटा काहीतरी बोलायला पुढे झाला, पण बाबांनी मान हलवली आणि तो थांबला.

"तू बांध," बाबा ताईला म्हणाले. "मी खुर्ची टाकून बसेन. विचारलंस तर सांगेन, नाही विचारलंस तर झोपेन."

पुढच्या आठवड्यात तिने बांधलं. बाबा दोन दिवस आले, खुर्चीवर बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गुडघा दुखतोय. चौथ्या दिवशी तिने त्यांना बोलवायला धाकट्याला पाठवलं नाही. तिने तिसऱ्या सिलिंडरची फट मोजली, लिहिली, पातं काढलं आणि पुन्हा मोजली. आकडा तोच आला. तरी ती तिसऱ्यांदा मोजत बसली.